दार उघडे ठेवा

ऑरेगन राज्यात पोर्टलंडहून सेलमकडे जाताना वाटेत वुडबर्न नावाचे गाव लागते. इथल्या मराठी कुटुंबांना ते ट्यूलिपच्या शेतांमुळे ठाऊक आहे. एप्रिल उजाडला की मुलाबाळांना घेऊन आम्ही तिथे जातो आणि फोटो काढून परततो. त्याच गावात मॅकलॅरेन ही गंभीर गुन्ह्यांत सापडलेल्या मुलग्यांना ठेवण्याची सरकारी संस्था आहे, हे मला इथे येऊन कित्येक वर्षे झाल्यावर कळले. तिथल्या शाळेच्या प्रशासनात काम करणाऱ्या जोन डाल्टन यांनी १९९३ साली 'प्रोजेक्ट पूच' सुरू केला. शेल्टरमधली, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातली, कोणीही घरी न नेलेली कुत्री संस्थेच्या आवारात आणायची, एकेक कुत्रा एकेका मुलाच्या हाती सोपवायचा, त्याला खाऊ घालणे, त्याची अंघोळ, त्याचे शिक्षण सारे त्या मुलाने करायचे, आणि कुत्रा माणसांत राहण्याजोगा झाला की एखाद्या कुटुंबाला देऊन टाकायचा, असा तो उपक्रम.

हे सारे आज लिहावेसे वाटण्याचे कारण पुण्यात आहे. आमच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले वर्ष-दीड वर्ष दोन वाद आलटून पालटून चालू आहेत. पहिला अल्पवयीन गुन्हेगारांचा. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, आणि बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला, तेव्हा सगळ्या शहराचा संताप झाला आणि तो रास्तच होता. त्याच्या आधीपासून आणि नंतरही कोयते घेऊन गाड्या फोडत फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या येतच आहेत. दुसरा वाद भटक्या कुत्र्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री, ती पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नयेत असे सांगितले.

दोन्ही वादांत गटावरची वाक्ये जवळपास सारखीच असतात. 'उचला आणि आत टाका' हे मी कुत्र्यांबद्दलही वाचले आहे आणि पोरांबद्दलही. माझ्या आत्याच्या नातवाला शाळेत जाताना कुत्रा चावला, त्याला लशीचे सगळे डोस घ्यावे लागले, आणि आजही तो गल्लीच्या तोंडाशी आजीचा हात घट्ट धरतो. त्यामुळे आत्या जे बोलते त्याला मी निर्दय म्हणणार नाही. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रा चावल्याच्या सदतीस लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. कोयत्याच्या भीतीने रात्री दुकान लवकर बंद करणाऱ्या माणसाला बालहक्कांवर व्याख्यान देण्याचा अधिकार मला, साडेसात हजार मैलांहून दूर बसलेल्या बाईला, मुळीच नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की 'आत टाका' म्हटल्यावर आपला वाद संपतो, आणि आत काय घडते हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

आमच्या घरी जो कुत्रा आहे तो अशाच एका उपक्रमातून आला. तो सात वर्षांचा आहे, काळा, डाव्या कानाचे टोक तुटलेला. त्याच्यासोबत आम्हाला वहीचे फाडलेले एक पान मिळाले, पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलेले. किती खातो, कोणत्या शब्दाला बसतो, पुरुषाने टोपी घातली असेल तर भुंकतो, हे सगळे त्यात होते. एक ओळ अशी होती: 'वादळ झाले की तो बाथरूममध्ये जाऊन बसतो. त्याला ओढून बाहेर काढू नका. दार उघडे ठेवा, आपण होऊन येईल.' ते पान आजही आमच्या फ्रीजवर लावलेले आहे. ज्या मुलाने ते लिहिले त्याने काय गुन्हा केला होता हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. परंतु घाबरलेल्या जिवाला ओढून काढू नये हे त्याला कोणीतरी शिकवले होते, किंवा त्या कुत्र्याजवळ बसून बसून तो ते स्वतः शिकला होता.

या उपक्रमांचे मर्म मला इथे दिसते. कुत्र्याला शिकवण्याची आजची पद्धत अशी आहे की हवे ते केले की लगेच खाऊ आणि शाबासकी द्यायची, नको ते केले तर दुर्लक्ष करायचे, आणि हात उगारायचा नाही. ज्या मुलाने घरी बापाचा पट्टा आणि बाहेर टोळीतल्या भाईचा दरारा एवढेच पाहिलेले असते, त्याच्या दृष्टीने समोरचा ऐकतो तो भीतीने. मार खाल्लेला कुत्रा मात्र भीतीने ऐकत नाही. तो कोपऱ्यात शिरतो किंवा चावतो. मग त्या मुलाला वाट पाहावी लागते, आवाज खाली आणावा लागतो, काल जमले ते आज का जमले नाही याचा विचार करावा लागतो. समुपदेशकाशी खोटे बोलता येते, न्यायाधीशांसमोर पाठ केलेला पश्चात्ताप म्हणून दाखवता येतो. कुत्र्यापुढे यातले काही चालत नाही. आणि शेवटी तो कुत्रा देऊन टाकायचा असतो. प्रेम केलेली गोष्ट तिच्या भल्यासाठी सोडून देण्याचा अनुभव या मुलांना बहुधा आधी आलेला नसतो. त्यांच्या आयुष्यातून माणसे जातात ती न सांगता.

अमेरिकेतल्या तुरुंगांत ही कल्पना १९८१ पासून आहे. सिस्टर पॉलिन क्विन यांनी, वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठातले पशुवैद्यक लिओ बुस्टाड यांच्या साहाय्याने, तिथल्या स्त्रियांच्या तुरुंगात ती प्रथम रुजवली. पॉलिन यांचे स्वतःचे कोवळे वय घरातून पळण्यात आणि संस्थांच्या भिंतींआड गेले होते, आणि त्यांना आधार दिला होता तो एका जर्मन शेफर्ड कुत्रीने.

तरी इथले सगळे उचलून तिकडे न्यावे असे मी म्हणणार नाही, कारण इथे राहून इथली दुसरी बाजूही मला दिसते. ज्या ऑरेगनने १९९३ साली पूच उभा केला त्याच ऑरेगनच्या मतदारांनी १९९४ साली 'मेझर ११' हा कायद्याचा प्रस्ताव मंजूर केला, आणि ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी पंधरा वर्षांच्या मुलावरही प्रौढ म्हणून खटला चालवून किमान शिक्षा सक्तीची केली. मुलांपुरते ते सैल व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याचे जे दार किलकिले केले, ते अजून उघडा असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. शेल्टरचेही तेच. एएसपीसीए या प्राणिरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली अमेरिकेतील शेल्टरांमध्ये सहा लाखांच्या आसपास कुत्री-मांजरे मारली गेली. इथले रस्ते मोकळे दिसतात त्याची किंमत कोण मोजतो, हे भारतातल्या माझ्या लोकांना कोणी सांगत नाही.

संशोधनाबद्दलही जपून बोलायला हवे. मिशिगनमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, बंदिस्त मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: एकाने कुत्र्यांना शिकवले, दुसऱ्याने त्यांना नुसते फिरवले. दोन्ही गटांत दुसऱ्याविषयीची समज वाढली, परंतु त्याबरोबर उदासी, काळजी अशी आतली दुखणीही वाढलेली दिसली, आणि शिकवणाऱ्या गटाचा वेगळा फायदा अपेक्षेप्रमाणे दिसला नाही. माझ्या मते हे अपयश नव्हे; बधिर झालेला हात जागा होताना झिणझिण्या येतातच. पण याचा अर्थ असा की मुलांपाशी नुसता कुत्रा बांधून भागणार नाही, शेजारी जाणते माणूसही हवे.

पुण्यात वकिली करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला मी हे सारे लिहिले, तेव्हा तिने कामाचे आक्षेप घेतले. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, विधिसंघर्षग्रस्त बालक (कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा आरोप असलेले मूल) थोडाच काळ राहते. कायद्याने चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. गावठी कुत्रा हा कोणी टाकून दिलेला पाळीव प्राणी नव्हे, त्याची गल्लीच त्याचे घर असते. आणि कोणाला चावला तर जबाबदारीची सही कोणाची? तिचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. म्हणूनच मला वाटते की सुरुवात निरीक्षणगृहात करूच नये. बाल न्याय कायद्याच्या कलम १८ मध्ये मंडळाला मुलाला समाजसेवेचा आदेश देता येतो. तो निबंधाऐवजी एखाद्या निर्बीजीकरण केंद्रात काही आठवडे रोज दोन तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, असा का असू नये? गंभीर इजा वा मृत्यू घडवणाऱ्यांसाठी हे नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. रेबीजची लस मुलांना आधीच द्यावी. आणि कुत्री निवडावीत ती गल्लीतून उचलून नव्हे: अपघातात पाय गेलेली, आईविना राहिलेली पिल्ले, हौस फिटल्यावर मालकाने सोडलेली लॅब्राडोर, आणि नोव्हेंबरच्या आदेशानंतर ज्यांना परत जागाच उरलेली नाही अशी. हा शेवटचा गट आता वाढतच जाणार आहे, आणि त्याच्यासाठी पिंजऱ्यापलीकडचा विचार कोणी करताना मला दिसत नाही.

मैत्रिणीने शेवटी विचारले, 'आणि पोराने कुत्रा द्यायला नकार दिला तर?'

मी तिला आमचा कुत्रा घेतला तो दिवस सांगितला. तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. त्याने पट्टा माझ्या मनगटाभोवती गुंडाळून दिला, सोडला, पुन्हा नीट गुंडाळला. मग म्हणाला की एकदा त्याला बसायला सांगून दाखवा, मी शिकवलेल्या शब्दाने. मी सांगितले. कुत्र्याने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बसला. मुलाने मान हलवली, पाकिटात उरलेला खाऊ माझ्या हातात ठेवला आणि तो आत गेला.