ओरांगउटानचा सल्ला

बुद्धिबळाच्या स्पर्धेत कोण कोणाशी खेळणार हे सांगणाऱ्या पेअरिंगच्या कागदावर वय लिहीत नाहीत, त्यामुळे टेबलाशी पोचेपर्यंत माणसाला आशा असते. पोचलो, तर समोर नऊ वर्षांचा प्रतिस्पर्धी. पट नीट दिसावा म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून बसलेला. या पोरांची मला दहशत आहे. राजापुढचं प्यादं सरकवलंत की पुढच्या पंधरा चाली त्यांना पाढ्यासारख्या पाठ. आपण डोकं धरून बसतो, तोवर ती शेजारचे चार पट बघून येतात.

म्हणून मी मुद्दाम आडवाट धरली. पहिली चाल बी-फोर. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं, एकदम दोन घरं. डावाच्या या सुरुवातीचं, म्हणजे ओपनिंगचं, नाव ओरांगउटान. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेच्या वेळी तार्ताकोव्हर हा नावाजलेला बुद्धिबळपटू प्राणिसंग्रहालयात गेला, सुझन नावाच्या ओरांगउटान वानराचा 'सल्ला' घेतला आणि प्रतिस्पर्धी मारोत्सीसमोर हेच प्यादं ढकललं. मला कोच परवडत नाही. सुझन परवडली.

पोरानं ई-फाईव्ह केलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं. मी उंट बी-टूवर आणला. त्याच्या उंटानं माझं बी-फोरचं प्यादं खाल्लं, माझ्यानं त्याचं ई-फाईव्हचं. फिटंफाट! मग दोघांचे घोडे बाहेर आले, त्यानं कॅसलिंग करून राजा हत्तीच्या आड नेला, मी प्यादं ई-थ्रीला. पाचव्या चालीला त्यानं हत्ती ई-एटवर आणून माझ्या उंटावर रोखला. हरकत नव्हती, उंटाला एफ-थ्रीवरच्या घोड्याचा जोर होता.

पण त्या घोड्याचं तोंड माझ्याकडे होतं. घरी कपांचे कान एका दिशेला लावणारा माणूस मी. मला राहवेना. दोन बोटांनी हळूच वळवला. मोहरा नुसता नीट करायचा तर आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं असतं, ते राहिलं.

"काका, हात लावलात."

आर्बिटर सर, म्हणजे पंच, आले. हात लावला म्हणजे हलवायचा. घोड्याला जायला चार घरं होती, आणि कुठेही गेला तरी उंटाचा जोर जाणारच. चारही घरं मी दोनदा तपासली. घड्याळात तासभर शिल्लक होता, म्हणून तिसऱ्यांदाही.

बाविसाव्या चालीला मी राजीनामा दिला. स्कोअरशीटवर सही करताना त्यानं विचारलं, "काका, बी-फोर का खेळलात?"

मी उत्साहानं सुझनची गोष्ट सांगितली.

"मग ते जिंकले?"

"कोण, तार्ताकोव्हर? नाही. हरले."

त्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं, थोडा विचार केला आणि आईला शोधायला पळाला.