सात म्हणजे किती टक्के?

ऑगस्टातला गुरुवार, दुपारचे साडेबारा. मी ताटात कडक भाकरी कुस्करून वर दही आणि शेंगाचटणी घेतली आणि पहिला घास उचलणार तेवढ्यात लेस्टरहून बहिणीचा फोटो आला, खाली नाचणाऱ्या बायांचे चार इमोजी. भाचीचा जीसीएसईचा निकाल, म्हणजे तिकडची दहावीच समजा. फोटोत विषय आणि प्रत्येकासमोर एकेक आकडा. 7, 8, 6, 7, 9, 5, 7, 4. मला तर आधी अर्धवट मोबाईल नंबरच वाटला.

"किती टक्के?" आईनं आतूनच विचारलं.

अण्णांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ धरला. "गणितात सात? शंभरपैकी?" म्हणलं अण्णा, ग्रेड आहे ती, नऊ सगळ्यात वरची आणि एक सगळ्यात खालची. "म्हणजे पहिला नंबर शेवटचा? भलतंच."

शेवटी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, दादा, आधी इथं अक्षरं होती, ए स्टारपासून जीपर्यंत, 2017 पासून इंग्लंडात आकडे आले, पहिल्यांदा इंग्लिश आणि गणिताला, मग बाकीच्यांना. जुना ए जिथून सुरू व्हायचा तिथून आता 7 सुरू होतो, जुना सी जिथून तिथून 4. मधल्या बी आणि सी या दोन अक्षरांच्या जागेत 4, 5, 6 असे तीन आकडे कोंबलेत, त्यामुळं 5 म्हणजे थोडा बी आणि थोडा सी. आणि 9 हा जुन्या ए स्टारपेक्षाही अवघड, मुद्दाम मोजक्याच पोरांना मिळावा असा ठेवलेला. शेजारच्या वेल्समध्ये मात्र अजून अक्षरंच.

वर आणखी गंमत, 4 ला म्हणतात स्टँडर्ड पास आणि 5 ला स्ट्राँग पास. आमच्या वेळी 35 पडले की काठावर पास, विषय संपला, यांनी काठालाच दोन पायऱ्या बांधल्या!

अण्णा गिरणीत हिशेबाला होते, त्यामुळं त्यांनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून रकाने आखले. पहिला रकाना नवा आकडा, दुसरा जुनं अक्षर, तिसऱ्यावर लिहिलं 'टक्के' आणि पेन उचलून माझ्याकडं बघत बसले. आता इथंच सगळी गोची आहे, कारण कुठल्या मार्काला कुठली ग्रेड हे तिकडं पेपर तपासून झाल्यावर ठरवतात, दरवर्षी वेगळं, विषयागणिक वेगळं. गणिताच्या अवघड पेपरात साठेक टक्क्यांनाही कधी कधी 7 मिळून जातो. हे मी सांगितलं आणि अण्णांचा चेहरा असा झाला की जणू कुणी रोजमेळ फाडला. आमच्या चिरंजीवांच्या प्रगतिपत्रकावर अ-1, अ-2 आलं तेव्हाही ते चिडलेच होते, पण तिथं निदान 91 ते 100 म्हणजे अ-1 असं ठरलेलं तरी होतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. "निकाल लागला म्हणे, किती?" आई घाईत बोलून गेली, "सात आले की तिला, लै चांगले!" काकूंचा चेहरा पडला. "सातवी? एवढ्या लांब जाऊन?" मी समजवायला गेलो, ए म्हणलं, सी म्हणलं, स्ट्राँग पास म्हणलं, काकू विरजण घेऊन गेल्या पण जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. हे फार लागलं.

अण्णा गप्पच. दुपारची झोपही नाही. चारला शर्ट घालून निघाले ते थेट नवी पेठेतनं किलोभर पेढे घेऊन आले आणि पहिला बॉक्स काकूंकडं. "नातीला डिस्टिंक्शन!"

मी ते पाकीट शोधलं. तिसरा रकाना भरलेला. 9 ला 95, 8 ला 88, 7 ला 80, 6 ला 70, 5 ला 60. खाली आठ विषयांची बेरीज 603, भागिले आठ, 75.37. फक्त फ्रेंचच्या 4 समोर आधीचे 45 खोडून 50 केलेले. बाजूला बारीक अक्षरात पहिलं उत्तरही होतं, 74.75.