पाय टेकायचे नाहीत

वॉटरपोलो, म्हणजे पाण्यात तरंगत चेंडू गोलात टाकायचा खेळ, बघायला आलेला पाहुणा पाच मिनिटं गप्प बसतो आणि मग हळूच विचारतो, "खाली पाय टेकतात ना?" नाही हो. पाणी दोन मीटर खोल असतं. कुठे उथळ तलावात टेकत असले, तरी तळावर चाललं किंवा तळावरून उडी मारली की फाऊल. सवलत एकट्या गोलरक्षकाला, तीही त्याच्याच गोलासमोर. पण दोन मीटर पाण्यात ती सवलत म्हणजे बोलाचाच भात, बोलाचीच कढी.

बाकी हिशेब सोपा आहे. एका संघाचे सात जण पाण्यात, त्यांतला एक गोलरक्षक. आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर. शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं आणि शिट्टी तर सारखीच वाजते, त्यामुळे 32 मिनिटांचा खेळ सहज तासभर चालतो. घड्याळ थांबलं तरी पाय थांबवायची सोय नाही, हे पाहुण्याला सांगून पटत नाही. त्याला वरचे हात दिसतात. माझं तर ठाम मत आहे की या खेळात हात नुसते शोभेला असतात.

खरा छळ पायांचा, आणि त्याचं नाव एगबीटर, म्हणजे अंडं फेटायचं यंत्र. पाण्यात खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. पाठ ताठ, मांड्या पाण्याच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर, गुडघे फाकलेले, पावलं बाहेर वळवलेली. मग दोन्ही पायांनी आळीपाळीने गोल फिरवत पाणी दाबायचं, उजवा एका दिशेने तर डावा उलट दिशेने. दाब येतो तो पावलाच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूने. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ दोन्ही पायांनी एकदम बसते, म्हणून माणूस वर उसळतो आणि लगेच खाली जातो. एगबीटरमध्ये एक पाय परत येत असताना दुसरा दाबत असतो, त्यामुळे खांदे एका पातळीवर राहतात. निदान पुस्तकात तरी राहतात.

नवख्याचे आधी गुडघे खाली घसरतात. गुडघे घसरले की एगबीटरची सायकल होते, आणि सायकल कितीही जोरात मारली तरी पाणी नुसतं ढवळतं, माणूस हनुवटीपर्यंतच राहतो. काहींची पावलं नर्तकीसारखी ताणलेली असतात. त्या टोकांनी पाणी कापलं जातं, दाबलं जात नाही. उरलेले घाबरून पुढे वाकतात आणि नाकातोंडात पाणी घेतात. यावर उपाय एकच: दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्याबाहेर काढून तरंगत राहा. हात आत असले की ते गुपचूप मदत करतात आणि पाय आळशीच राहतात. हात वर ठेवून मिनिटभर टिकलात की प्रशिक्षक खूश होऊन हातात वजन देतात. शाबासकी द्यायची ही त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी जांघेत आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जे दुखतं, त्यावरून एगबीटर बरोबर जमला की नाही ते कळत नाही. दोन्ही वेळा सारखंच दुखतं.

आता चेंडू. पुरुषांचा 400 ते 450 ग्रॅमचा, घेर 68 ते 71 सेंटीमीटर. तो एकाच हाताने हाताळायचा. गोलरक्षक सोडून कुणी दुसरा हात लावला की शिट्टी. एवढा चेंडू पंजात मावत नाही, म्हणून नवखा तो वरून चिमटीत धरायला जातो आणि चेंडू साबणासारखा निसटतो. हात खालून घालून उचला, नाहीतर वरून किंचित दाबून मनगट फिरवा म्हणजे चेंडू तळव्यावर येऊन बसतो. झेलताना हात चेंडूबरोबर मागे न्यायचा. हात ताठ ठेवला तर चेंडू तळव्यावर आपटून आपल्याच नाकाकडे येतो. फेकताना पाय जोरात मारून छाती पाण्याबाहेर काढली नाही, तर चेंडू पुढे आणि आपण मागे, दोघेही जेमतेम हातभर जातो.

आता नियमांची गंमत. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला धरायला, ओढायला, बुडवायला परवानगी आहे. हातात चेंडू नसलेल्याला तसं केलं तर बुडवणारा काही सेकंद बाहेर. अशा तीन गंभीर चुका झाल्या की उरलेल्या सामन्यापुरता घरी. नवखा मात्र गटांगळ्या खाताना जीव वाचवायला चेंडूच छातीशी घट्ट धरतो आणि कायदेशीरपणे बुडतो. चेंडू सोडा! सोडलात की समोरच्याचा विळखा गुन्हा ठरतो आणि फ्रीथ्रो, म्हणजे मोकळी फेक, तुमचा. शिवाय कुणी अंगावर आलेला असताना चेंडू पाण्याखाली गेला तर फाऊल तुमच्यावर. समोरच्याने तुमचाच हात दाबून तो खाली नेला असला तरी तुमच्यावरच. या नियमावर मी कितीही वेळ बोलू शकतो, पण ऐकणारा उठून जातो.

सामन्याआधी पंच नखं तपासतात. अंगाला तेलही चालत नाही, कारण तेलकट माणूस धरता येत नाही. पोहण्याचे कपडे घट्टच हवेत, आणि बरेच जण दोन घालतात. का ते विचारू नका. पाण्याखाली पंचांना दिसत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला हात असतात. तोंडावर पाणी उडवणं हा मात्र फाऊल आहे. एवढ्या झटापटीत तेवढा सभ्यपणा कुणाला सुचला कोण जाणे.

झटापट हाताबाहेर जाते तेव्हा काय होतं, ते 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. महिन्याभरापूर्वी सोव्हिएत रणगाडे हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये शिरले होते आणि पाण्यात हंगेरीसमोर सोव्हिएत संघच होता. हंगेरी 4–0 पुढे असताना त्यांच्या एर्विन झादोरच्या डोळ्यापाशी ठोसा बसला, रक्त वाहू लागलं, प्रेक्षक खवळले. शेवटी सामना वेळेआधीच थांबवून हंगेरीला विजयी ठरवलं. पुढे सुवर्णपदकही त्यांचंच.

एरवी हाल बघायचे असतील तर गोलासमोर दोन मीटरवर बघा. तिथे सेंटर, म्हणजे हल्ला करणाऱ्यांचा मधला गडी, गोलाकडे पाठ करून असतो आणि त्याच्या पाठीला बचाव करणारा चिकटलेला. सेंटरला पास द्यायचा तो हातात नाही. बचाव करणारा ज्या बाजूला आहे त्याच्या उलट बाजूला, सेंटरच्या हाताच्या अंतरावर, पाण्यात. इंचभर इकडेतिकडे झाला की चेंडू त्यांचा आणि शिव्या तुम्हाला.

राहता राहिला गोलरक्षक. तीन मीटर रुंद, पाण्यावर 90 सेंटीमीटर उंच गोल. समोरचा चेंडू उगारून हूल देतो. पहिल्या हुलीला गोलरक्षक उसळला की संपलं, कारण उसळलेला माणूस खाली येणारच आणि हवेत दुसरी उसळी घेता येत नाही. मग फेकणारा सावकाश, जणू रविवार असल्यासारखा, चेंडू त्याच्या डोक्यावरून आत सोडतो. म्हणून हाताकडे बघायचंच नाही. फेकणाऱ्याची छाती पाण्यातून वर आली तर फेक खरी, खांदे बुडालेले असतील तर नुसतं नाटक. वर आली, पण चेंडू पाण्यावर टप्पा घेऊन आला, तर मात्र पंचांकडे बघून हात पसरण्यापलीकडे गोलरक्षकाला काही करता येत नाही, आणि पंचही त्याला दाद देत नाहीत.