ताई, लास्ट किती?

तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली असेल (ठाण्याच्या नौपाड्यात राहत असाल तर गेलीच असेल), महिनाअखेर घर रिकामं करायचं असेल आणि भाड्याचा फ्लॅट जुन्या हॉलएवढाच निघाला असेल, तर अभिनंदन! घरातलं नको झालेलं सामान ऑनलाइन विकून चार पैसे गाठीला बांधायची हीच वेळ. भंगारवाल्याला फुकापासरी देऊ नका. नातेवाइकांना तर विचारूच नका. ते आज 'कुठे ठेवायचं?' म्हणतील आणि पुढच्या लग्नात 'आम्हाला नाही हो विचारलंत' म्हणून फुरंगटून बसतील. मोबाईल उचला, फोटो काढा, किंमत टाका. दुनिया बोली लावायला टपलेलीच आहे.

आधी थोडा इतिहास, म्हणजे उमेद वाढेल. १९९५ साली अमेरिकेत पिएर ओमिड्यार नावाच्या माणसानं लिलावाची वेबसाइट काढली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर सुरुवातीलाच विकला गेला एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. ओमिड्यारनं घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, बाबा रे, हा मोडका आहे हे कळलंय ना? तो म्हणाला, मी मोडकेच जमवतो. तिकडे मोडकी वस्तू माणूस मोडकी म्हणून राजीखुशीनं घेतो. इथे धडधाकट वस्तू आधी मोडकी ठरवतात आणि मग तीही घेत नाहीत. हे ईबे २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन आपल्याकडे आलं होतं, २०१८ मध्ये ते इथे बंदही झालं. आता आपला लिलाव चॅटवर चालतो. फरक एवढाच, की तिथे बोली वर चढायची, इथे ती जिना उतरते.

फोटो दिवसाउजेडी काढा. मागे दुसरं काही दिसू देऊ नका. मी झोपाळ्याचा फोटो टाकला, तर मागच्या भिंतीवरच्या घड्याळाला दोन गिऱ्हाइकं आली.

माप फूट-इंचात लिहा. त्यानंतर पहिला प्रश्न येईल, 'साइज काय?'

आता किंमत. माझा झोपाळा सागवानी, साडेचार फुटी पाट, चारही कड्या भरीव पितळेच्या. नुसतं पितळ मोडीत घातलं तरी बरे पैसे येतील. मी अठरा हजार लिहिले. पहिली बोली आली, 'ताई, लास्ट किती?' नमस्कार नाही, चमत्कार नाही. ह्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, कारण तुम्ही जो आकडा सांगाल तो समोरच्याच्या लेखी 'फर्स्ट' असतो. दुसऱ्यानं चार हजार सांगितले आणि वर 'कॅश देतो' म्हणाला, जणू बाकीचे कवड्या देणार होते. तिसऱ्याला झोपाळ्याच्या बदल्यात फिश टँक द्यायचा होता, माशांसकट. चौथा म्हणाला, 'मिस्टरांना फोन द्या, त्यांच्याशी बोलतो.' मिस्टरांना कड्या किती आहेत हेही मोजून सांगावं लागेल, पण व्यवहार पुरुषांनीच केलेला बरा, नाही का? जरूर द्या फोन.

'अव्हेलेबल आहे का?' ह्या प्रश्नाला 'हो' म्हणा. माणूस अंतर्धान पावेल.

एखादा मात्र एक पैसा कमी न करता, वस्तू न बघता, लगेच पैसे पाठवतो म्हणेल. तो हमखास सैन्यात असेल, त्याची बदली झालेली असेल, आणि पैसे 'घेण्यासाठी' तो तुम्हाला एक क्यूआर कोड पाठवेल. ह्या ठिकाणी मला उपरोध परवडत नाही, म्हणून सरळ सांगते. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकलात की पैसे जातात. गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

वस्तू सोसायटीबाहेर न्यायला गेटपास लागतो, हे विसरू नका. रविवारी सेक्रेटरींची सही त्यांची आंघोळ, पूजा आणि नाश्ता झाल्यावरच मिळते.

आणि आता मुख्य धडा, सौदा पक्का करण्याचा. खारघरचे एक सद्गृहस्थ चौदा हजारांवर आले. 'ताई, आईला झोपाळा हवाच आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका.' आई म्हटल्यावर आपण विरघळतोच. माजिवड्याचा एक मुलगा साडेतेराला तयार होता, त्याच संध्याकाळी न्यायला येणार होता. त्याला मी 'गेला हो' म्हणून कळवलं. सद्गृहस्थांनी फर्मावलं, 'रविवारी अकराला टेम्पो घेऊन येतो, काढून ठेवा.' काढून ठेवा म्हणजे काय, हे ज्यानं कधी स्लॅबच्या हुकातून झोपाळा उतरवलाय त्याला विचारा. सुतार बोलावला, रविवारचे म्हणून त्यानं पाचशे घेतले. कड्या आपल्या ठाण्याच्याच पितांबरीनं घासल्या, जुन्या चादरीत एकेक गुंडाळून सुतळीनं बांधल्या. पाट जिन्याशी उभा केला. सासऱ्यांची दुपारची जागा गेली, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सवयीनं पायानं फरशीला रेटा देत राहिले.

अकराला मेसेज आला, 'निघालो.' बाराला फोन केला तर रबाळ्याला होते. एकला विटाव्याच्या पुलाखाली अडकले होते. आता विटाव्याला अडकलो म्हटल्यावर ठाण्यातला माणूस पुढे काय बोलणार? तिथे साक्षात यमाचा रेडासुद्धा अडकेल. मी वेड्यासारख्या चार पोळ्या जास्त लाटल्या, लांबून येतायत, टेम्पोवालाही असेल म्हणून. दोनला फोन स्विच ऑफ. गेटपासवर तारीख रविवारची, तो सोमवारी बाद.

सोमवारी सकाळी मेसेज: 'सॉरी ताई मिसेसला कलर आवडला नाही. ८००० ला जमत असेल तर बघा.'

कलर! सागवानाचा कलर! फोटो तुमच्याकडे आठवडाभर होता. मिसेसनी रविवारी दुपारी दोन वाजता पहिल्यांदा बघितला का तो? आणि त्या झोपाळ्याची वाट बघणाऱ्या आईचं काय झालं? वस्तू विक्रीचा कायदा आहे आपल्याकडे, योगायोगानं तोही १९३० सालचाच. लिलावात हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, पडला की सौदा झाला, असं त्यात चक्क लिहिलेलं आहे. पण चॅटवर हातोडा कुठून आणायचा? ओमिड्यारनं १९९६ मध्ये लिहून ठेवलं होतं की बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, आणि जी नसतात त्यांच्यासाठी त्यानं एकमेकांविषयी जाहीर शेरा लिहायची सोय केली. आम्ही शेरा कुठे लिहायचा? म्हणून इथे लिहितेय.

बोहारीण आठवते का? दारात बसून ती तास-तासभर घासाघीस करायची. पैठणीला पोतेरं म्हणायची, एका पातेल्यासाठी आणखी दोन शर्ट मागायची, डोकं उठवायची. पण ती यायची! समोर बसायची, वस्तू हातात घेऊन बघायची, पटलं तर पातेलं ठेवून कपडे घेऊन जायची, नाही पटलं तर गाठोडं उचलून तोंडावर नाही म्हणून जायची. तिला तुम्ही-आम्ही गेटच्या आत येऊ देत नाही आता. आणि हे एसी गाडीतले, इंग्रजीत 'डील डन' लिहिणारे आम्हाला सुसंस्कृत वाटतात.

घासाघीस करा हो, आमचं काही म्हणणं नाही. चार हजार सांगा, मी नाही म्हणेन, संपलं. पण येणार नसाल तर येतो म्हणू नका. घरी विचारायचं असेल तर आधी विचारा, मग समोरच्याला स्लॅबवरून झोपाळा उतरवायला लावा. बेत बदलला तर सकाळीच एक फोन करा, कुणी खात नाही तुम्हाला. तुमच्या भरवशावर आम्ही दुसऱ्याला परत पाठवतो, सुताराला पैसे देतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची बसायची जागा काढून घेतो. इकडे घर रिकामं करायची तारीख डोक्यावर असते. तुमच्या लेखी तो टाइमपास असतो. लाज वाटली पाहिजे.

आणि खारघरचे दादा, तुम्ही 'रबाळ्याला आहे' म्हणालात ना, तेव्हा फोनमागे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या. टेम्पोत वरण-भात लावून निघाला होतात का? झोपाळा अजून आहे. अठरा हजार. तुम्हाला मिळणार नाही.