"आम्ही पुरोगामी हो! बरं, पूर्ण नाव काय?"

परवा भाड्याची खोली बघायला गेलो. मालकांच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर, तिघांच्याही तसबिरी. काका चहा ओतता ओतता म्हणाले, "आमचं घराणं पहिल्यापासून पुरोगामी विचारांचं." बरं वाटलं ऐकून. बशी पुढे सरकवली आणि लगेच, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितलं. मग गाव कुठलं. मग गावात घर कुठल्या बाजूला. कप खाली ठेवेपर्यंत खोली पुतण्याला द्यायची ठरली होती!

हे चौथं घर. चीड येते अक्षरशः. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवल्या, विरोधाला न जुमानता. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपला हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वतःच्या घरचा हौद! आणि तुम्हाला रिकामी पडलेली खोली, तीही भाडं घेऊन, देववत नाही? मग त्यांचं नाव कशाला घेता? सरळ सांगा ना, आम्ही जात बघतो म्हणून. माझा निदान रिक्षाचा खर्च तरी वाचेल.

रविवारी पाचवं घर बघायचंय. आत्तापासूनच पोटात गोळा आलाय.