मार्सीबाईंच्या अंगावर माझं चिलखत

काल रात्री दीड वाजता मी माझ्याच वस्तीत, माझ्याच चिलखतासाठी, एका बाईचा खिसा कापत होतो. वाकून, दबकत, टॅटो नावाच्या भाजीच्या वाफ्यामागून. कुणी म्हणेल, गेमच तर आहे, एवढं काय. तसं म्हणणाऱ्याने आधी चिलखताला एक खिसा शिवण्यापुरता गोंद जमवून दाखवावा, मग बोलावं.

गेम म्हणजे फॉलआउट ४. साल २२८७, बॉस्टनचा परिसर, अणुबॉम्ब पडून दोनशे दहा वर्षं उलटलेली. एवढ्या काळात कुणी साधा झाडू मारलेला नाही, पण प्रत्येकाकडे बंदूक आहे. त्यामुळे चिलखत लागतं. आणि ते मिळतं तुकड्यातुकड्यांनी: छाती वेगळी, डावा हात वेगळा, उजवा वेगळा, पायांचंही तसंच. वर्कबेंचवर नवंकोरं चिलखत बनवता येत नाही, सापडलेलं फक्त सुधारता येतं. म्हणजे आधी मेलेल्या रेडरच्या, म्हणजे लुटारूच्या, तंगडीवरून ते सोडवून घ्यायचं आणि मग घरी आणून त्यावर कलाकुसर करायची. परिणामी माझा एक पाय चामड्याचा, दुसरा पत्र्याचा, छाती तिसऱ्याच कुणाची. चामडं हलकं असतं आणि लेझरला बरं, पत्रा गोळीला बरा पण वजनाला भारी. त्या पत्र्याला नुसता रंग दिला तरी तो जास्त मार अडवतो, ही गंमत मला अजून पचलेली नाही.

खरी रड मात्र गोंदाची. लोखंड पायलीला पन्नास, चामडंही मिळतं, पण कशात काहीही बसवायचं म्हटलं की गोंद हवा, आणि तो निघतो डक्ट टेपमधून किंवा गोंदाच्या बाटलीतून. त्या वस्तू कुठे दिसल्या तर मी समोरचा राक्षस सोडून आधी त्यांच्याकडे धावतो. दुसरा मार्ग शेतीचा. तीन मके, तीन मटफ्रूट नावाची फळं, तीन टॅटो आणि एक बाटली शुद्ध पाणी चुलीवर चढवलं की खळ तयार होते, आणि तिच्यातून पाच गोंद सुटतात. जग बुडालंय, लोक उपाशी आहेत, आणि मी तीन पिकं घेऊन त्यांची खळ करतोय. हातातोंडाशी आलेला घास मी खिशाला चिकटवतो, कारण चिलखताला खिसे असले की जास्त ओझं उचलता येतं. वस्तीतल्या लोकांनी अजून विचारलेलं नाही, पण विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? गोळीचा मार आणि तुमच्या चिलखताचा प्रतिकार, दोन्ही आकडे सारखे असतील तर निम्मा मार लागतो. ठीक. म्हणून खपून तो प्रतिकार दुप्पट करावा, तर लागणारा मार पन्नास टक्क्यांवरून साधारण एकोणचाळीसवर येतो. मेहनत दुप्पट, सुटका अकरा टक्के. वरच्या दर्जाची सुधारणा करायची तर त्यासाठीचा पर्क, म्हणजे खास कौशल्य, घ्यावा लागतो, आणि त्याची शेवटची पायरी लेव्हल ३९ झाल्याशिवाय उघडत नाही. हा हिशोब ज्याने बसवला त्याला एकदा भेटायचंय. मारायचं नाहीये. फक्त दोन तास समोर बसवून खळ शिजवायला लावायची आहे.

तर असं हे सगळं सोसून माझ्याकडे एक पॉवर आर्मर होतं, म्हणजे आत शिरून चालवायचं यांत्रिक चिलखत. कॉन्कॉर्डच्या म्युझियमच्या गच्चीवर सुरुवातीलाच मिळतं ते, टी-४५. मी त्याला ए मॉडेलवरून डीपर्यंत चढवलं, हेल्मेटला लाल दिवा बसवला आणि सँक्च्युअरीत, म्हणजे माझ्या वस्तीत, वर्कशॉपशेजारी उभं करून ठेवलं, सणासुदीला वापरायचं म्हणून. कारण ते फ्यूजन कोअर नावाच्या बॅटरीवर चालतं आणि जरा पळालं की कोअर भराभर उतरतो. रोज आपलं चामडंच बरं. इथे एकच चूक झाली. कोअर काढून घ्यायचा राहिला.

काल वस्तीवर रेडर आले. मी लांब होतो. निरोप आला तसा धावत पोचलो, तर मामला आटोपलेला. रस्त्यावर चार रेडर आडवे. आणि भाजीच्या वाफ्यात, गुडघाभर पाल्यात, सात फुटी पोलादी धूड उभं राहून टॅटो खुरपतंय. डोक्यावर लाल दिवा.

मी जवळ गेलो. आत मार्सी लाँग.

या बाईंची ओळख करून द्यायला हवी. गेमच्या सुरुवातीला तुम्ही जीव धोक्यात घालून पाच माणसं वाचवता, त्यांतल्या या एक. त्या दिवसापासून आजतागायत त्यांनी माझ्याशी एक शब्द गोड काढलेला नाही. मी घर दिलं, पलंग दिला, पाण्याचा पंप बसवला. केव्हाही बोलायला जावं तर त्यांना कामं असतात आणि माझ्याशी गप्पा मारायला वेळ नसतो. वेळ नाही! या वस्तीत एकूण कामं ती किती? सकाळी टॅटो, दुपारी टॅटो. संध्याकाळी भिंतीवर हातोडा मारत बसायचं, ती भिंत दोनशे वर्षांत सुधारलेली नाही आणि पुढेही सुधारणार नाही. पण तोरा असा, जणू कॉमनवेल्थचा, म्हणजे या सगळ्या मुलखाचा, कारभार यांच्याच टॅटोवर चाललाय.

त्याच बाई आता माझ्या टी-४५ डीमध्ये. ज्या पोलादी हातांनी डेथक्लॉसारख्या राक्षसाच्या थोबाडीत मारायची, ते हात नाजूकपणे पानं बाजूला सारत होते. खाली वाकलं की दिव्याचा लाल झोत मातीवर पडायचा, उठलं की थेट माझ्या डोळ्यांवर. मी बोलायचं बटण दाबलं. उत्तर आलं, कामात आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, जरा जास्त वैतागून. मी मागे सरकलो तर बाई वळल्या आणि मला धक्का मारून पुढच्या वाफ्याला गेल्या. माझ्याच चिलखताने मला धक्का मारला.

गंमत अशी की तुमच्यासोबत फिरणारा साथीदार असेल तर त्याला चिलखतातून उतरायला सांगता येतं. वस्तीतल्या माणसाला तसं सांगायची सोयच नाही. म्हणजे घर माझं, गोंद माझा, आणि 'बाई, जरा उतरता का' एवढं विचारण्याचाही हक्क नाही. भाडेकरू परवडले.

मग राहिला एकच उपाय, कोअर चोरणं. कोअर निघाला की आतला माणूस बाहेर येतो. सेव्ह केलं, वाकलो. पडद्यावर 'हिडन' आलं, म्हणजे मी कुणाला दिसत नव्हतो. बाईंच्या पाठीशी पोचलो, खिशात हात घातला, आणि पकडला गेलो. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. ज्यांना मी घरं बांधून दिली ते सगळे बंदुका घेऊन माझ्यामागे, आणि सर्वांत पुढे लाल दिवा. सेव्ह लोड केलं. पुन्हा पकडला गेलो. चौथ्या खेपेला कोअर हातात आला. पाठीचं झाकण उघडलं, बाई मागच्या मागे उतरल्या, हात झटकले, इकडेतिकडे पाहिलं आणि चालू लागल्या. सॉरी नाही, काही नाही. चिलखताचा डावा हात पार मोडलेला होता.

मी खूप चिडलो होतो. पण या नवराबायकोने क्विन्सीच्या धुमाकुळात मुलगा गमावलाय. नवरा, जून, दिवसभर खांदे पाडून फिरतो, आणि बाई अशा सगळ्यांवर खेकसतात. हे माहीत असलं की राग धड करताही येत नाही, आणि राग करता येत नाही याचा वेगळाच राग येतो. अंगावर फाटका सदरा होता त्यांच्या. रेडर आल्यावर बाईंनी दुसरं करायचं तरी काय होतं?

म्हणून मी, रात्री दोन वाजता, माझ्या छातीवरचं चामडी चिलखत काढलं आणि ट्रेडमध्ये जाऊन त्यांच्या अंगावर चढवलं. त्यांनी आभार मानले नाहीत. कामं होती.

तिथून निघालो, नदीपलीकडच्या एका पडक्या ऑफिसात शिरलो, आणि सवयीने स्क्रूसाठी टेबलफॅन, टाइपरायटर, जे दिसेल ते भरत सुटलो. बाहेर पडून पळायला गेलो तर पाय उचलेनात. वजन जास्त झालंय म्हणे. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट घरी उडी मारणं, तेही बंद. कसं जास्त होईल, एवढं तर मी रोज उचलतो, म्हणून यादी उघडली.

खिसे त्या छातीला होते. खळ शिजवून शिवलेले.

दोन टाइपरायटर रस्त्यात ठेवले. टेबलफॅन ठेववेनात. मग तसाच एकेक पाऊल टाकत पुलापर्यंत आलो तेव्हा तीन वाजले होते, आणि पलीकडे मार्सीबाई माझे खिसे घालून भिंतीवर हातोडा मारत होत्या.