'वेड' मेलं नाही, आमच्या बोलेरोवर आहे

'वेड' (wed) हे लग्न करण्याचं जुनं इंग्रजी क्रियापद आता फक्त बातम्यांच्या मथळ्यांपुरतं उरलं, असं एका लेखात वाचलं. हे वाक्य इंग्लंडपुरतं ठीक. इकडे यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे वैशाखात या. नवरदेवाच्या प्रत्येक बोलेरोच्या मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं असतात: अमुक 'वेड्स' तमुक. माझ्या भाच्याच्या गाडीचा शेवटचा 'स' आर्णीच्या रस्त्यावर उडून गेला. मग वरात पोचेपर्यंत नुसतं 'वेड'च! म्हातारे म्हणे, "बराबर लिवलं हाये."

'वेड'चा मूळ अर्थ वचन देणं, तारण ठेवणं, हे त्या लेखकानं सांगायला हवं होतं. लग्नापायी वावर गहाण टाकलेल्या बापाला तो अर्थ कोणी समजावून द्यायला नको. आणि हसायचं कोणाला? आपल्याही पत्रिकेत विवाह 'करण्याचे योजिले आहे' असंच छापतात. घरात कोणी 'योजतं' का? आम्ही तर सरळ म्हणतो, "पोराचं लगन काढलं." तसं पत्रिकेत छापून पाहा, आत्याबाई रुसून बसतील. इंग्रजांचंही तसंच असणार, बोलताना 'गेट मॅरिड' अन् मथळ्यात 'वेड', तीन अक्षरांत जागा वाचते म्हणून.